राक्षसाचे आजोळ

पनवेलच्या आमच्या जुन्या घराच्या परसात विहिरीशेजारी पिंपळ होता आणि त्या पिंपळावर मुंज्या होता. ‘होता म्हणे’ असे नव्हे; होताच. याबाबत घरात दुमत नव्हते. दिवेलागण झाली की परसदारी एकट्याने जायचे नाही, जाण्यावाचून गत्यंतरच नसेल तर मोठ्याने रामरक्षा म्हणत जायचे, हा घरचा कायदा. आजीने त्या मुंज्याची सगळी हकिगत आम्हा मुलांना सांगितलेली होती. मुंज झाली आणि सोडमुंज व्हायच्या आत पोरगा तापाने गेला. तसेच हडळीचे. बाळंतपणात गेलेली बाई हडळ होते, तिचा जीव मागे राहिलेल्या लेकरात अडकलेला असतो, असे ती सांगे. आजीच्या प्रत्येक भुताला गाव होते, घर होते आणि काहीतरी राहून गेलेले होते. भीती दाखवता दाखवता ती मध्येच ‘बिचारा’ म्हणून जायची. ‘बिचारा, त्याला खेळायला कुणी नाही रे.’

रात्री कुणी दचकून उठले की आजी मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत टाकायची. मिठाला आमच्याकडे तोटा नव्हता. उरण, पेण, पनवेल हा सगळा खाडीकाठ मिठागरांचा. मिठापुढे भुताचे काही चालत नाही, यावर आमचा पूर्ण विश्वास होता. म्हणूनच पुढे पन्नाशीत एका पुस्तकात जे वाचले त्याने मी थक्क झालो. सिनेमाच्या इतिहासातला सर्वांत प्रसिद्ध राक्षस ज्याने रंगवला, त्या नटाचे वडील हिंदुस्थानात चक्क मीठ खात्यात अधिकारी होते! आणि त्याच्या आजोळची मुळे शोधत गेले की आपण पोहोचतो ते अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला.

ती गोष्ट सांगायची तर आधी १९८५ सालात जावे लागेल. शनिवारी रात्री रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर भाड्याने आणायचा, चार बिऱ्हाडांनी वर्गणी काढायची आणि पहाटेपर्यंत तीन सिनेमे पाहून पैसे वसूल करायचे, असे ते दिवस होते. मी नुकताच बँकेत अधिकारी झालो होतो. रामसे बंधूंचा ‘पुराना मंदिर’ आदल्या वर्षी येऊन गेला होता आणि त्यातल्या सामरीने गावातल्या पोराटोरांची झोप उडवली होती. तीच कॅसेट हवी, असा मंडळींचा आग्रह. ती मिळाली नाही. कॅसेटवाल्याने ‘हापण भुताचाच आहे’ म्हणून एक इंग्रजी कॅसेट हातात ठेवली. लावून पाहतो तो कृष्णधवल! मंडळी जांभया देत पांगली. उरलो मी आणि माझी आई. आईचे शिक्षण मराठी सातवी. इंग्रजी तिला एक अक्षर कळत नव्हते.

तो सिनेमा होता जेम्स व्हेल यांनी दिग्दर्शित केलेला, १९३१ सालचा ‘फ्रँकेन्स्टाइन’. कथा आता बहुतेकांना ठाऊक आहे. एक तरुण शास्त्रज्ञ मेलेल्या माणसांचे अवयव जोडून एक देह तयार करतो आणि विजेच्या बळावर त्यात प्राण आणतो. देह जिवंत होतो आणि शास्त्रज्ञ त्याला टाकून देतो. मेरी शेली या इंग्रज मुलीने ही कादंबरी लिहायला घेतली तेव्हा ती अवघी अठरा वर्षांची होती. कादंबरी १८१८ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यातला राक्षस खूप बोलतो, वाद घालतो. सिनेमातला मात्र मुका आहे, नुसता गुरगुरतो. त्यामुळे आईची काही अडचण झाली नाही.

राक्षस अंधाऱ्या खोलीत बसलेला असतो आणि छताची झडप उघडून वरून उजेड पडतो. तो उठतो आणि दोन्ही हात वर करून तो उजेड धरू पाहतो. आई म्हणाली, ‘‘बाळ दिव्याकडे बघतं ना, तसं बघतोय बघ.’’ पुढे तळ्याकाठी एक लहानगी त्याला भेटते. ती त्याला भीत नाही. त्याच्या हातात फुले देते, पाण्यावर फुले कशी तरंगतात ते दाखवते. दोघे फुले टाकू लागतात. राक्षस प्रथमच हसतो. फुले संपतात, तो मुलीकडे हात पुढे करतो, आणि दृश्य तुटते! थोड्या वेळाने मुलीचा बाप तिचे कलेवर हातांवर घेऊन गावातून चालताना दिसतो.

मला शहारा आला. मधल्या वेळात काय झाले असेल याचे नको ते तर्क मनात आले. आई मात्र शांतपणे म्हणाली, ‘‘मधलं काहीतरी कापलंय. हा मुद्दाम असं करणार नाही. अंगाने वाढलाय, पण पोरच आहे ते.’’

आईचा तर्क किती अचूक होता हे कळायला मला आणखी वीस-पंचवीस वर्षे लागली. ते दृश्य खरोखरच कापलेले होते. अमेरिकेतल्या काही राज्यांच्या सेन्सॉर मंडळांनी आणि पुढे पुनःप्रदर्शनाच्या वेळी नियमावलीने त्याला कात्री लावली होती. कापलेला तुकडा १९८०च्या दशकात पुन्हा जोडला गेला. त्यात दिसते ते असे: फुले संपल्यावर राक्षस मुलीला उचलून पाण्यात टाकतो, कारण तीही फुलासारखी तरंगेल असे त्याला वाटते. ती बुडते. तो भांबावतो, पाण्यात हात घालून शोधतो आणि धडपडत पळून जातो. मुले घाबरू नयेत म्हणून सेन्सॉरने एवढा भाग काढला, आणि एका अजाण जिवाचा त्याने नराधम करून टाकला. लपवलेल्या गोष्टीइतके भेसूर दुसरे काही नसते. या सगळ्या चित्रपटांकडे पाहताना मला ही एकच किल्ली पुरेशी वाटते.

त्या काळी हॉलिवूडला भेसूर चेहऱ्यांचे एवढे वेड का लागले असावे? पहिले महायुद्ध १९१८ मध्ये संपले, तेव्हा तोफगोळ्यांनी चेहरे छिन्नविच्छिन्न झालेले हजारो तरुण घरी परतले. कुणाला नाक नव्हते, कुणाला जबडा. लंडन आणि पॅरिसमध्ये अशा सैनिकांसाठी पातळ धातूचे, कातडीच्या रंगाने रंगवलेले मुखवटे तयार करून दिले जात. रस्त्याने जाताना लोक त्यांच्याकडे पाहणे टाळत. आणि तेच लोक तिकीट काढून थिएटरात जाऊन लॉन चेनीचे चेहरे पाहत. चेनीचे आईवडील दोघेही मूकबधिर. साहजिकच हा मुलगा बोलण्याआधी चेहऱ्याने आणि हातांनी बोलायला शिकला. रंगभूषेची पेटी घेऊन तो स्वतःच स्वतःला विद्रूप करायचा. १९२३ मध्ये नोत्र दामचा कुबडा, १९२५ मध्ये ‘फँटम ऑफ द ऑपेरा’. त्या फँटमच्या चेहऱ्यावर मुखवटा असतो आणि एक तरुणी तो मागून येऊन ओढून काढते. युद्धावरून परतलेल्या मुलाची आई किंवा बायको हे दृश्य कशी पाहत असेल, असा विचार माझ्या मनात नेहमी येतो. ‘फ्रँकेन्स्टाइन’चे दिग्दर्शक व्हेल हेही त्याच युद्धातले अधिकारी. जर्मनांच्या कैदेत असताना छावणीतल्या नाटकांतून त्यांना रंगभूमीची गोडी लागली.

राक्षसाच्या भूमिकेसाठी व्हेलनी निवडला चाळिशी ओलांडलेला एक नट. पोटासाठी त्याने ट्रक चालवले होते, ओझी उचलली होती आणि पडद्यावर किरकोळ खलनायक रंगवले होते. रंगभूषाकार जॅक पिअर्स रोज सकाळी सुमारे चार तास त्याच्या चेहऱ्यावर काम करत. राक्षसाचे डोके वरून सपाट का, यालाही त्यांच्याकडे कारण होते. मेंदू बसवायचा तर डॉक्टर कवटी डब्यासारखी आडवी कापणार आणि झाकण परत लावणार! कृष्णधवल फिल्मवर कातडी प्रेतासारखी दिसावी म्हणून रंग हिरवट-करडा लावला जाई. नटाला दातांचा एक काढता येणारा भाग होता. तो काढून त्याने एका बाजूचा गाल खोल गेलेला दाखवला. पायांत जडशीळ बूट. चित्रपटाच्या सुरुवातीच्या नामावलीत राक्षसापुढे नटाचे नाव नाही. तिथे फक्त एक प्रश्नचिन्ह आहे. प्रेक्षकांची उत्सुकता वाढवण्याची ती युक्ती होती. नाव येते ते अगदी शेवटी: बोरिस कार्लॉफ.

तेही खरे नाव नव्हते. त्याचे नाव विल्यम हेन्री प्रॅट. जन्म लंडनचा, २३ नोव्हेंबर १८८७. ‘कार्लॉफ’ हे माझ्या आईकडच्या घराण्यातले नाव, असे तो सांगत असे. ऐकणाऱ्याला वाटे, आजोळ रशियन असेल. पुढे त्याच्या मुलीनेच सांगितले, की घराण्यात असा कुणी रशियन असल्याचे आपल्याला माहीत नाही.

मग आजोळ कुठले? ते होते हिंदुस्थानातले. कार्लॉफच्या आजीचे नाव एलायझा एडवर्ड्स. तिची सख्खी बहीण अ‍ॅना. हीच ती अ‍ॅना लिओनोवेन्स, जी १८६२ मध्ये सयामच्या राजाच्या दरबारी शिक्षिका म्हणून गेली आणि जिच्यावर पुढे ‘द किंग अँड आय’ हा गाजलेला चित्रपट निघाला. आपण वेल्समध्ये जन्मलो, असे अ‍ॅना जन्मभर सांगत राहिली. तिच्या मृत्यूनंतर अर्धशतकाहून अधिक काळाने, १९७०च्या दशकात, संशोधकांनी जुनी दप्तरे उघडली तेव्हा खरे काय ते बाहेर आले. तिचा जन्म १८३१ मध्ये अहमदनगरला झाला होता. वडील कंपनी सरकारच्या फौजेत साधे सार्जंट. ती जन्मण्याआधीच ते वारले. तिचे लग्न झाले तेही पुण्यात, १८४९च्या नाताळात. आणि तिच्या आईची आई? आजोबा लेफ्टनंट ग्लॅस्कॉट यांचे नाव कागदोपत्री आहे. आजीचे नाही. ती हिंदुस्थानी किंवा मिश्रवंशाची असावी, असा अभ्यासकांचा निष्कर्ष आहे. म्हणजे कार्लॉफच्या खापरपणजीच्या जागी वंशावळीत जे आहे, ते पडद्यावर राक्षसाच्या नावापुढे होते तेच: प्रश्नचिन्ह!

एक बाई इथे जन्मली, वाढली, तिने एका साहेबाचा संसार केला, तिला लेकरे झाली. पण तिचे नाव कुणी लिहून ठेवले नाही. तिच्या नातीने तिला लपवण्यासाठी स्वतःचे जन्मगावच बदलले. आणि नातीच्या बहिणीच्या नातवाला सावळा रंग खुलासा न करता वागवावा लागला. त्या रंगामुळेच उमेदवारीच्या काळात त्याच्या वाट्याला अरब, हिंदुस्थानी असले ‘परके’ लोक रंगवण्याची कामे येत. अ‍ॅनाला खोटारडी म्हणणे सोपे आहे. पण खरे सांगितले असते तर सयामच्या दरबारात आणि पुढे अमेरिकेत तिला कोणी दारात उभे केले असते?

या प्रॅट घराण्याचा आपल्याशी संबंध एवढ्यावर संपत नाही. वडील एडवर्ड प्रॅट मुंबई इलाख्याच्या मीठ, जकात आणि अफू खात्यात उपायुक्त होते. आमच्या बाजूची नव्हे, उत्तर विभागाची मिठागरे त्यांच्याकडे असत. एक थोरला भाऊ मुंबई उच्च न्यायालयाचा न्यायमूर्ती झाला. दुसरा, फ्रेडरिक, उत्तर विभागाचा कमिशनर झाला. १९१८च्या खेडा सत्याग्रहात गांधीजी आणि वल्लभभाईंसमोर उभे असलेले कमिशनर प्रॅट ते हेच! गांधीजींच्या आत्मकथेत त्यांचा उल्लेख आहे. तिसरा भाऊ जॉन चीनमध्ये ब्रिटिश वकिलातीत होता आणि त्याला ‘सर’ ही पदवी मिळाली. अशा घरातला धाकटा शेंडेफळ घर सोडून गेला तो १९०९ मध्ये कॅनडाला. नट झाला, आणि तोही राक्षसाचे सोंग घेणारा.

१९३३ मध्ये तो एका चित्रीकरणासाठी लंडनला परतला. प्रसिद्धी खात्याला तिन्ही भावांबरोबर त्याचा फोटो हवा होता. कार्लॉफच्या पोटात गोळा आला. एवढे मानाचे लोक, आपल्यासारख्या सोंगाड्याशेजारी कसे उभे राहतील? पण फोटोग्राफर आला तेव्हा तिघे म्हातारे भाऊ कुणी कुठे उभे राहायचे यावरून शाळकरी पोरांसारखे हुज्जत घालू लागले! ही आठवण तो पुढे आनंदाने सांगत असे. ज्याची जन्मभर धास्ती घेतली ते घडलेच नाही.

सगळ्यांच्याच नशिबी असा फोटो नसतो. १९३२ मध्ये टॉड ब्राउनिंग या दिग्दर्शकाने ‘फ्रीक्स’ नावाचा चित्रपट काढला. तरुणपणी हा माणूस फिरत्या जत्रांत काम करून आलेला. त्याने रंगभूषा वापरलीच नाही. जत्रेत पैसे घेऊन दाखवली जाणारी खरी माणसे त्याने पडद्यावर आणली: बुटकी माणसे, जोडलेल्या जुळ्या बहिणी, हातपाय नसलेला प्रिन्स रँडियन. हा रँडियन ब्रिटिश गियानात जन्मलेला, भारतीय वंशाचा. नुसत्या ओठांनी तो काडी पेटवून सिगारेट शिलगावतो. चित्रपटात ही मंडळी एकमेकांना जीव लावतात, आणि दुष्टावा करते ती धडधाकट, देखणी सर्कससुंदरी. प्रेक्षकांना हे सहन झाले नाही. कंपनीने सुमारे दीड तासाचा चित्रपट कापून जेमतेम तासाभराचा केला. ब्रिटनमध्ये त्यावर तीस वर्षे बंदी होती. मुखवट्याखालचा चेहरा लोकांना चालत होता, मुखवटा नसलेला चेहरा चालला नाही.

वाचकहो, इथवर मी परक्या देशाच्या गोष्टी निवांत सांगत आलो. आता एक माझी.

१९८८च्या सुमारास मी रायगड जिल्ह्यातल्या एका शाखेत होतो. दर महिन्याला एक वृद्ध खातेदार पैसे काढायला येत. त्यांना कुष्ठरोग होऊन गेला होता. उपचार पूर्ण झाले होते, तसा डॉक्टरांचा कागद ते पासबुकात घालून आणत. हातांची बोटे मात्र गेलेली होती. अंगठा उठवता येत नाही अशा खातेदाराच्या पायाच्या अंगठ्याचा ठसा घ्यावा, दोन साक्षीदार असावेत आणि त्यांतला एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा, असा बँकांचा नियम आहे. तो अधिकारी मी. काउंटरवरचे लोक बाजूला सरकत. शाखेत आम्ही त्यांना नावाने ओळखत नव्हतो. ‘तो आलाय’ एवढेच म्हटले जाई.

पहिल्या वेळी ठसा नीट उठला नाही. नाइलाजाने मी खाली बसलो, त्यांचे पाऊल हातात धरले आणि स्टँप पॅडवर टेकवले. ते म्हणाले, ‘‘साहेब, शाई गार असते म्हणतात. मला काय कळत नाय.’’ त्या रोगात संवेदना जाते, हे मला पुस्तकातून ठाऊक होते. ते गेल्यावर मी मागे जाऊन दोनदा साबणाने हात धुतले. खिडकीतून त्यांनी ते पाहिले असावे. कारण पुढच्या महिन्यात आले तेव्हा त्यांनी पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेली साबणाची वडी काढून माझ्या टेबलाच्या कडेला ठेवली. म्हणाले, ‘‘ऱ्हाऊ द्या साहेब, आपल्याला लागते.’’ आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरे झाले असते.

हे घडले तेव्हा औषधांनी हा रोग पूर्ण बरा होतो हे सिद्ध झालेले होते. आमच्या पनवेलजवळ नेऱ्याच्या शांतिवनात अशा माणसांना मानाने जगता यावे म्हणून लोक आयुष्य वेचत होते. मला हे सगळे माहीत होते. तरी मी हात धुतले. ‘फ्रँकेन्स्टाइन’च्या पुढच्या भागात, १९३५ मध्ये, जंगलातला एक आंधळा म्हातारा त्या राक्षसाला झोपडीत घेतो, जेवू घालतो, मित्र म्हणतो. त्याला दिसत नाही म्हणून तो घाबरत नाही. मग डोळस माणसे येतात आणि सगळे उधळून टाकतात. ते दृश्य पाहताना आपण सगळे स्वतःला त्या म्हाताऱ्याच्या जागी बसवतो. मी मात्र डोळसांपैकी एक होतो.

आजीचा पिंपळ तुटून आता वीस वर्षे झाली. तिथे सात मजली इमारत उभी आहे. माझी नात मोबाईलवर भुतांचे सिनेमे पाहते आणि मुळीच घाबरत नाही. मी तिला एवढेच सांगतो, की राक्षस दिसला तर आधी विचार, याचे काय कापले आहे? माझ्या आईने विचारले होते तसे.

मी आजवर काही कादंबऱ्या लिहिल्या. त्यांतल्या एकीत त्या खातेदाराचे प्रकरण लिहिले होते. वाचताना ते ‘अंगावर येते’ असे मलाच वाटले आणि छपाईला देण्यापूर्वी मी ते काढून टाकले. म्हणजे कात्री मीही चालवली. तो तुकडा आज इथे जोडतो आहे. त्यांच्या लेजरचा फोलिओ नंबर मला अजून पाठ आहे. नाव मात्र कितीही आठवले तरी आठवत नाही. त्या जागी प्रश्नचिन्हच आहे.